विल्यम थॉमस ब्लॅनफोर्ड

विल्यम थॉमस ब्लॅनफोर्ड (७ ऑक्टोबर १८३२, लंडन – २३ जून १९०५, लंडन) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व प्राणिशास्त्रज्ञ होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत त्यांनी १८५५ ते १८८२ अशी सत्तावीस वर्षे सेवा केली. दख्खनच्या लाव्हा थरांचा कालनिर्णय, तालचेर येथील हिमजन्य थरांचा शोध, भारताच्या भूविज्ञानावरील पहिला समग्र ग्रंथ आणि ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेचे संपादन ही त्यांची प्रमुख कामे मानली जातात. मृदुकाय प्राणी, विशेषतः जमिनीवरील गोगलगायी, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणाऱ्या क्रेम्नोकॉन्कस या लहानशा गोगलगायीचे वर्णन त्यांनी केले आणि पश्चिम किनाऱ्याच्या पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहिले. त्या पुराव्याविषयीची चर्चा त्यांच्या निधनानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिली.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

ब्लॅनफोर्ड यांचा जन्म लंडनमधील व्हाइटफ्रायर्स भागात झाला. तेथेच त्यांच्या वडिलांचा कारखाना होता. शालेय शिक्षण ब्रायटन व पॅरिस येथे झाल्यावर व्यापारात जाण्याच्या विचाराने ते दोन वर्षे इटलीतील चिव्हितावेक्किया बंदरातील एका पेढीत राहिले. १८५१ मध्ये परतून काही काळ त्यांनी वडिलांच्या व्यवसायात काम केले. धाकटे बंधू हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफोर्ड हे नव्यानेच सुरू झालेल्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये प्रवेश घेत होते. त्यांच्यामागोमाग विल्यमही तेथे दाखल झाले. एडवर्ड फोर्ब्झ हे तेथील एक अध्यापक. सागरी प्राण्यांचे वितरण आणि भूतकाळातील भूप्रदेशांची रचना यांचा परस्परसंबंध लावणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत फोर्ब्झ यांची गणना होते. पुढे ब्लॅनफोर्ड यांनी भारतातील गोगलगायींच्या बाबतीत जे केले, त्याचे मूळ या शिकवणीत शोधणे वावगे ठरू नये. त्यानंतर वर्षभर त्यांनी सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अध्ययन केले.

दोघा भावांची नेमणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत झाली आणि १८५५ च्या सप्टेंबरअखेरीस ते कलकत्त्यास पोहोचले. हेन्री पुढे हवामानशास्त्राकडे वळले आणि भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. गोगलगायींची आवड मात्र दोघांनाही होती.

तालचेरचे दगडगोटे

१८५६ मध्ये ओडिशातील तालचेर कोळसाक्षेत्राचे सर्वेक्षण करताना ब्लॅनफोर्ड बंधू व विल्यम थिओबाल्ड यांना बारीक चिखलाच्या थरात रुतलेले मोठमोठे दगडगोटे आढळले. इतका बारीक गाळ संथ पाण्यातच साचतो आणि संथ पाणी असे दगड वाहून आणू शकत नाही. ते बर्फात अडकून आले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्ण कटिबंधातील भारतात, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या जागी एके काळी बर्फ होता, हे म्हणणे त्या वेळी अनेकांना पटण्यासारखे नव्हते. १८७२ मध्ये फ्रान्सिस फेडन यांना तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे त्याच थरात बर्फाने घासल्याच्या खुणा असलेले दगड मिळाले, तेव्हा या निष्कर्षाला बळकटी आली.

यानंतर ब्लॅनफोर्ड यांनी राणीगंज कोळसाक्षेत्र व ब्रह्मदेश येथे काम केले.

मुंबई इलाख्यातील सर्वेक्षण

१८६२ मध्ये ब्लॅनफोर्ड यांची बढती होऊन त्यांच्याकडे मुंबई इलाख्याचे काम आले. पुढील चार वर्षे त्यांनी नर्मदा व तापीची खोरी, खानदेश, गुजरात, कोकण आणि घाटमाथा हा प्रदेश पालथा घातला. महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारा काळा कातळ कधी व कसा तयार झाला, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न होता.

या प्रश्नाच्या केंद्रस्थानी गोगलगायीच होत्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे चुनखडीचे, चिकणमातीचे वा गारेचे पातळ थर सापडतात. त्यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळील टाकळी व तेलंगखेडी येथील अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी मोठा जीवाश्मसंग्रह केला होता. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये त्यातील शंखांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत गोड्या पाण्यातील गोगलगायी बहुसंख्य होत्या. फायसा प्रिन्सेपी ही त्यांपैकी सर्वांत परिचित जाती. पाणथळ जागेच्या काठी, ओल्या जमिनीवर राहणाऱ्या सक्सिनिया वंशातील कवचही त्यांत होते. समुद्रातील एकही शंख नव्हता. यावरून आज लाव्हाने झाकलेल्या या प्रदेशात तेव्हा तळी व दलदली होत्या, हे उघड होते.

मतभेद होता तो क्रमाविषयी. आधी एक विस्तीर्ण सरोवर होते, त्यावर लाव्हा पसरला आणि गाळाखालचा कातळ नंतर खालून घुसला, अशी हिस्लॉप व हंटर यांची मांडणी होती. ब्लॅनफोर्ड यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप खडकांवरील प्रबंधात ती अमान्य केली. गाळाखालचा कातळ नंतर घुसलेला असता, तर त्याच्या उष्णतेने गाळाचा तळ भाजला गेला असता. तसे दिसत नाही. उलट खालच्या कातळाचे तुकडे गाळात मिसळलेले आढळतात. म्हणजे खालचा थर आधी थंड झाला, त्याची झीज झाली, त्यावरील खोलगट भागांत पाणी साचले, गोगलगायी वाढल्या आणि मग पुढचा लाव्हा आला. असे पुनःपुन्हा घडले. एका विशाल सरोवराच्या जागी अनेक लहान, अल्पायुषी तळ्यांचे चित्र उभे राहिले आणि दोन उद्रेकांमध्ये वनस्पती व प्राणी परतण्याइतका अवकाश होता, हेही स्पष्ट झाले.

कालनिर्णयासाठी त्यांनी लाव्हा थरांच्या दोन्ही बाजू तपासल्या. माळव्यातील बाघ येथे क्रिटेशस कालखंडातील सागरी थरांच्या झिजलेल्या पृष्ठावर लाव्हा पसरलेला दिसतो, तर सुरत-भरूच भागात झिजलेल्या लाव्हावर इओसीन कालखंडातील सागरी थर बसलेले आहेत. म्हणून हे उद्रेक या दोहोंच्या दरम्यान, क्रिटेशसच्या अखेरीच्या आसपास झाले असले पाहिजेत. किरणोत्सारी पद्धतीने मुख्य उद्रेकांचे वय आज सुमारे ६.६ कोटी वर्षे मोजले जाते. कोणतेही मापनयंत्र हाती नसताना केवळ थरांच्या क्रमावरून काढलेला हा निष्कर्ष त्याच्याशी जुळतो.

मुंबई बेटावरील अंतरा-ट्रॅपी थर नागपूरच्या थरांहून वेगळे आहेत, याकडेही ब्लॅनफोर्ड यांनी लक्ष वेधले. वरळी व मलबार टेकडीच्या परिसरातून त्यापूर्वीच लहान बेडूक, कासव व वनस्पतींचे जीवाश्म मिळाले होते. परंतु फायसा प्रिन्सेपी त्यांत नव्हती. मुंबईचे थर लाव्हाच्या सर्वांत वरच्या भागात येत असल्याने ते नागपूरच्या थरांपेक्षा बरेच नंतरचे आहेत आणि दरम्यानच्या काळात प्राणिसृष्टी बदलली, असा याचा अर्थ होतो. त्यांच्या काळी साष्टी बेटाचा हा भाग खेडी, भातखाचरे आणि टेकड्यांचा होता. पुढे उपनगरे वाढू लागल्यावर बांधकामाच्या दगडासाठी टेकड्या फोडल्या गेल्या आणि विसाव्या शतकात जोगेश्वरीजवळील आंबोलीच्या खाणीत त्याच जातकुळीचे जीवाश्मयुक्त थर उघडे पडले. तेथून जवळच असलेल्या अंधेरीतील गिल्बर्ट टेकडीचे उभे बेसाल्ट स्तंभही मुख्य दख्खन उद्रेकांनंतरच्या काळातले मानले जातात.

सह्याद्रीची गोगलगाय

१८६३ हे भोर घाटातून रेल्वे सुरू झाल्याचे वर्ष. त्याच वर्षी ब्लॅनफोर्ड यांनी पश्चिम घाटाच्या कड्यांवर राहणाऱ्या दोन नव्या प्रकारच्या गोगलगायींचे वर्णन लंडनच्या एका निसर्गविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी लिथोटिस रूपिकोला ही सक्सिनियाच्या कुळातील, फुप्फुसाने श्वसन करणारी आणि कातळाला चिकटून राहणारी गोगलगाय होती. दुसरीला त्यांनी क्रेम्नोबेटीस सिह्याड्रेन्सिस असे नाव दिले. जातीच्या नावात सह्याद्री आहे. क्रेम्नोबेटीस हे नाव एका माशाच्या वंशाला आधीच दिले गेले असल्याने १८६९ मध्ये त्यांनी वंशाचे नाव बदलून क्रेम्नोकॉन्कस केले. ग्रीक भाषेतील कडा व शंख या अर्थाच्या शब्दांपासून ते बनले आहे. महाबळेश्वर येथील याच वंशातील एका जातीचे वर्णन एडगर लेअर्ड यांनी १८५५ मध्ये केले होते, परंतु त्यांनी ती गोड्या पाण्यातील एका निराळ्याच वंशात टाकली होती.

क्रेम्नोकॉन्कस ही जेमतेम सेंटिमीटरभर आकाराची, गोलसर व जाड कवचाची गोगलगाय आहे. ओढ्यांचे व धबधब्यांचे पाणी ज्यावरून झिरपते किंवा ज्यावर तुषार उडतात अशा उभ्या कातळावर ती राहते आणि दगडावरील शेवाळ खरवडून खाते. पाणी आटले की कातळाच्या भेगांत शिरून तोंडावरचे झाकण बंद करून घेते. हे झाकण, कवचाची ठेवण आणि शरीररचना पाहता तिचे जवळचे नातेवाईक घाटातील इतर गोगलगायींत नसून समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या लिटोरिना कुळात आहेत, हे ब्लॅनफोर्ड यांच्या लक्षात आले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, लाटांचे तुषार झेलत राहणाऱ्या या कुळातील गोगलगायी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही सर्वत्र दिसतात. त्यांच्यासारखा प्राणी समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत, शेकडो मीटर उंचीच्या कड्यावर कसा पोहोचला, हा प्रश्न होता.

सह्याद्रीचा पश्चिमेकडील उभा कडा भूवैज्ञानिकांना आधीपासूनच कोड्यात टाकत होता. पठार पूर्वेला हळूहळू उतरते, पश्चिमेला मात्र एकदम तुटते आणि पायथ्याशी कोकणची सखल पट्टी लागते. हा कडा लाटांनी कापलेला जुना समुद्रकडा असावा, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती आणि ब्लॅनफोर्ड यांचाही कल तिकडेच होता. क्रेम्नोकॉन्कस हा त्यांना त्याचा जिवंत पुरावा वाटला. समुद्र जेव्हा या कड्याच्या पायथ्याशी होता, तेव्हा तिचे पूर्वज तेथील खडकांवर राहत असावेत. जमीन वर उचलली जाऊन समुद्र मागे सरला, तेव्हा लाटांच्या तुषारांची जागा धबधब्याच्या तुषारांनी घेतली आणि काही गोगलगायी तेथेच राहिल्या, असा हा तर्क होता.

या तर्काचे दोन भाग आहेत आणि त्यांचे भवितव्य वेगवेगळे ठरले. गोगलगायीचे मूळ समुद्रात आहे, हा भाग टिकला. डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीररचना व जनुकीय माहितीच्या आधारे क्रेम्नोकॉन्कस हा लिटोरिनिडी कुळातीलच वंश असल्याचे दाखवले. समुद्र सोडून पूर्णपणे गोड्या पाण्यात गेलेला त्या कुळातील हा एकमेव वंश होय. महाराष्ट्रातील तीन जातींखेरीज कर्नाटकातील घाटांतून सहा नव्या जातींचे वर्णन त्यांनी केले. त्यांपैकी एकीचे नाव हनुमानावरून ठेवलेले आहे. ब्लॅनफोर्ड यांच्या काळात कर्नाटकातील जाती ज्ञात नव्हत्या.

दुसरा भाग, म्हणजे सह्याद्रीचा कडा हा समुद्रकडा आहे ही कल्पना, आज मान्य नाही. कड्याच्या पायथ्याशी सागरी गाळाचे थर आढळत नाहीत. भारताच्या पश्चिमेचा भूभाग सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी तुटून सेशेल्स बेटांसह दूर गेला, नवा किनारा तयार झाला आणि त्यानंतर नद्या व पावसाने झीज होत होत कडा पूर्वेकडे सरकत आजच्या जागी आला, असे स्पष्टीकरण आता दिले जाते. त्या दृष्टीने गोगलगायीचे पूर्वज किनाऱ्यावरून खाड्या व ओढ्यांच्या वाटेने आत शिरले असू शकतील आणि मागे सरकणाऱ्या कड्याबरोबर त्यांचे निवासस्थानही सरकत गेले असू शकेल. एखाद्या प्राण्याचे नाते निश्चित झाले, तरी तो तेथे कोणत्या मार्गाने आला हे त्यावरून आपोआप ठरत नाही. तरीही किनाऱ्याचा इतिहास कड्यावरच्या गोगलगायीला विचारावा, ही दृष्टी मूळची ब्लॅनफोर्ड यांची, हे विसरता येत नाही.

नद्यांच्या जुन्या गाळातील कवचे

नर्मदा व गोदावरीच्या काठांवरील जुन्या गाळातून हत्ती व पाणघोडे यांसारख्या नामशेष प्राण्यांची हाडे मिळत होती. पैठणजवळील मुंगी येथे ए. बी. वाइन यांना १८६५ मध्ये अशा हाडांच्या थरात अकीक दगडाचे मानवनिर्मित छिलके सापडले आणि या गाळाच्या वयाला वेगळेच महत्त्व आले. हाडांबरोबर मिळणाऱ्या कवचांकडे ब्लॅनफोर्ड व थिओबाल्ड यांनी लक्ष दिले. गोड्या पाण्यातील गोगलगायी व शिंपले त्यांत होते, तशीच आज झूटेकस इन्सुलॅरिस या नावाने ओळखली जाणारी, कोरड्या उघड्या माळरानावर राहणारी लांबट गोगलगायही होती. हत्ती-पाणघोड्यांच्या त्या जाती जगातून नाहीशा झाल्या असल्या, तरी ही कवचे आजही जिवंत असलेल्या जातींची होती. ज्या काळी नर्मदेत पाणघोडे डुंबत होते, त्या काळी खोऱ्याचे हवामान आजच्याहून फारसे निराळे नसावे, असे यावरून सूचित होते. मोठे प्राणी लवकर बदलतात वा नष्ट होतात, गोगलगायी मात्र दीर्घकाळ टिकतात. म्हणूनच हवामानाच्या प्रश्नात त्यांची साक्ष अधिक मोलाची ठरते.

प्राणिभूगोल

सर्वेक्षणाचा हंगाम हिवाळा व उन्हाळ्याचा, तर गोगलगायी बाहेर पडतात पावसाळ्यात. साहजिकच सर्वेक्षकाच्या हाती रिकामी कवचेच अधिक लागत. तरीही १८६० पासून दोन दशके ब्लॅनफोर्ड यांनी भारतीय मृदुकाय प्राण्यांविषयीची लेखमाला बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात चालवली. अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक यांच्यासारखे स्थानिक संग्राहक त्यांना साहाय्य करीत. घाटातील काही गोगलगायींच्या नावांत फेअरबँक यांचे नाव आढळते.

या संग्रहातून एक सीमारेषा स्पष्ट होत गेली. घाटमाथा व मलबारच्या ओल्या जंगलांतील गोगलगायींचे नाते श्रीलंका आणि मलाया यांच्याशी जुळते. घाट ओलांडून दख्खनच्या कोरड्या पठारावर येताच मात्र त्या बहुतेक संपतात आणि तेथे आफ्रिका व पश्चिम आशियाशी नाते सांगणारे प्राणी दिसू लागतात. १८६७-६८ मधील ॲबिसिनिया मोहिमेत ब्लॅनफोर्ड स्वतः सहभागी झाले होते, त्यामुळे ही तुलना त्यांना प्रत्यक्ष पाहणीवरून करता आली. १८७६ मध्ये त्यांनी भारतीय प्राणिसृष्टीतील आफ्रिकी घटकावर स्वतंत्र लेख लिहिला. भारत व आफ्रिका एके काळी जमिनीने जोडलेले होते, या मताचे त्यांनी पुढेही समर्थन केले. हिमालयातील काही प्राणी निलगिरी व अण्णामलाई डोंगरांवर तुटकपणे आढळतात, याचे कारण त्यांनी हिमयुगातील थंडीत शोधले: थंडीत हे प्राणी मैदानात उतरले आणि पुन्हा उष्णता वाढल्यावर जवळच्या डोंगरांवर चढून तेथेच अडकले. १९०१ मध्ये भारत, श्रीलंका व ब्रह्मदेशातील पृष्ठवंशी प्राण्यांच्या वितरणावरील प्रबंधात त्यांनी हे विचार सविस्तर मांडले.

अशा अभ्यासात कोणता प्राणी मूळचा आणि कोणता बाहेरून आलेला, हे ठाऊक असणे अत्यावश्यक असते. मुंबईच्या उपनगरांतील बागांत पावसाळ्यात सर्वाधिक दिसणारी मोठी तपकिरी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील आहे. मृदुकायशास्त्रज्ञ विल्यम बेन्सन यांनी १८४७ मध्ये मॉरिशसहून आणलेले काही नमुने कलकत्त्यातील एका बागेत सोडले आणि तेथून तिचा भारतात प्रसार झाला. ही पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या अभ्यासकाला तिच्यातही आफ्रिकेशी प्राचीन जोडणीचा पुरावा दिसू शकला असता.

उत्तरायुष्य, ग्रंथसंपदा व सन्मान

१८७२ मध्ये ब्लॅनफोर्ड इराणच्या सीमा आयोगाबरोबर गेले आणि पूर्व इराणच्या भूविज्ञान व प्राणिसृष्टीवरील त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंधचे सर्वेक्षणही याच दशकातले. १८७९ मध्ये हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांच्यासमवेत लिहिलेला भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ प्रकाशित झाला. दख्खन ट्रॅप, मुंबईचे किनारी थर आणि नद्यांचा जुना गाळ यांची त्यातील प्रकरणे आजही संदर्भासाठी पाहिली जातात. १८८२ मध्ये निवृत्त होऊन ते लंडनला परतले. १८८३ मध्ये त्यांचा आयडा गर्ट्रूड बेलहाउस यांच्याशी विवाह झाला.

निवृत्तीनंतर त्यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेचे संपादन हाती घेतले. सस्तन प्राण्यांवरील खंड त्यांनी स्वतः लिहिला, तसेच यूजीन ओट्स यांनी अपूर्ण ठेवलेल्या पक्ष्यांवरील खंडांपैकी दोन पूर्ण केले. ते १८७४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८८३ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीचे वोलॅस्टन पदक आणि १९०१ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल पदक त्यांना मिळाले. १८८८ ते १८९० या काळात ते जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. बलुचिस्तान व इराण भागातील एका लहान कोल्ह्याचे वर्णन त्यांनी १८७७ मध्ये केले. तो आज ब्लॅनफोर्डचा कोल्हा या नावाने ओळखला जातो.

गोगलगायींवरील खंड लिहिण्याचे काम त्यांनी शेवटासाठी राखून ठेवले होते. ते चालू असतानाच २३ जून १९०५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. उरलेले काम हेन्री हॅव्हरशॅम गॉडविन-ऑस्टेन यांनी पूर्ण केले आणि मृदुकाय प्राण्यांवरील पहिला खंड दोघांच्या नावे १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जमिनीवरील गोगलगायींची केवळ दोन कुळे आली आहेत.